भुतं आपली आहेत तर त्यांचे नियमही आपलेच राहू देत

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवार पुरवणीत मागे एका वाचकाचं पत्र आलं होतं, मराठीत फँटसी, अद्भुत कथा कोणी लिहीतच नाही म्हणून आमची मुलं इंग्रजी पुस्तकांकडे वळली असं त्यात होतं. त्यावर दोनतीन उत्तरंही छापून आली. पण मला जे म्हणायचंय ते कोणी म्हटलं नाही म्हणून हे पत्र लिहितेय, आणि ते लांबलंय, तेव्हा जागा असेल तर पूर्ण छापा ही विनंती.

मी मूळची कुडाळकडची. स्वतः कथा लिहिते आणि एका दिवाळी अंकासाठी नवीन मुलामुलींच्या आलेल्या कथा वाचायचं कामही करते, त्यामुळे खात्रीने सांगते की लिहिलं जातंय, भरपूर लिहिलं जातंय. अडचण वेगळी आहे. बऱ्याच कथांमध्ये नायकाचं नाव विराज नाहीतर रुद्र असतं पण तो राहतो बर्फ पडणाऱ्या डोंगरात, दगडी वाड्याच्या तळघरात ड्रॅगन असतो, आणि वाटेतल्या गुत्त्यात त्याला एक म्हातारा जादूगार भेटून भविष्य सांगतो. उरलेल्या कथांमध्ये पुष्पक विमान म्हणजे स्पेसशिप, ब्रह्मास्त्र म्हणजे अणुबॉम्ब, आणि शेवटी आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं असं एखादा शास्त्रज्ञ डोळ्यात पाणी आणून सांगतो. मुलं मनापासून लिहितात, मेहनत दिसते. पण दोन्हीकडे एक गोष्ट नसते, ती म्हणजे आपल्या गावच्या गोष्टी आतून चालतात कशा याची जाण.

आता कोणी म्हणेल की मग मुंजा, हडळ, वेताळ घालून लिहितातच की. हो, लिहितात, हल्ली तर जास्तच लिहितात कारण सिनेमावाल्यांना तसल्या गोष्टी हव्या असतात. पण तिथेही नुसतं नाव उचललेलं असतं. मुंजा म्हणजे काय तर पिंपळावरून उडी मारणारं काहीतरी भयंकर, ते नाव काढून तिथे दुसरं कुठलंही नाव घातलं तरी कथेला काही फरक पडत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की लोककथेतून नावं आणि कपडेपट घेऊ नका, नियम घ्या.

नियम म्हणजे काय ते कोकणातल्या भुतांवरूनच सांगते. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी शाळामास्तरांना प्रश्नावली पाठवून गावोगावच्या समजुती गोळा केल्या होत्या. हे तेच जॅक्सन ज्यांचा २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकमध्ये अनंत कान्हेरे यांनी वध केला. ते कागद नंतर एन्थोवेन या इंग्रज अधिकाऱ्याने संपादित केले आणि कोकणचा भाग १९१५ साली छापून आला. त्यात भुतांची यादी आहे आणि ती वाचताना हळूहळू लक्षात येतं की हे नुसते घाबरवायचे प्रकार नाहीत, यामागे एक पक्की व्यवस्था आहे. मुंजा म्हणजे मुंज झाली पण लग्नाआधीच गेला असा ब्राह्मणाचा मुलगा. हडळ, जखीण या बहुतेक बाळंतपणात किंवा मनात काहीतरी राहून गेलेल्या बायका. समंधाचा जीव मागे ठेवलेल्या धनात नाहीतर नसलेल्या वारसात अडकलेला. गिऱ्हा पाण्यातला. म्हणजे जो कोणी एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाताना मधेच राहिला, ज्याचं काहीतरी पुरं व्हायचं राहिलं, तो भूत झाला. ही सगळी यादी म्हणजे त्या समाजाने कोणाकोणाला मधेच सोडलं त्याची नोंद आहे, आणि अजून एक बघा, त्या यादीत मेल्यावरही जात सुटत नाही, ब्रह्मसमंध ब्राह्मणाचा आणि देवचार शूद्राचा, मरणानंतरच्या जगातसुद्धा वस्त्या वेगळ्याच.

हा नियम एकदा हातात आला की मग लेखकाला खरं काम सुरू करता येतं, कारण नियम जुना असला तरी तो आजच्या माणसांनाही लावता येतो. आज मधेच कोण राहतंय? लॉकडाऊनमध्ये चालत निघालेला आणि वाटेत गेलेला मजूर, ज्याचं कार्य कुठल्या गावात करायचं हेच ठरलं नाही, तो या नियमाने कोण होईल आणि कुठल्या झाडावर राहील, एक्सप्रेसवेला तर झाडंही ठेवलेली नाहीत. ज्याचा फ्लॅट बुक झाला, हप्ते फिटले आणि बिल्डिंग उभी राहायच्या आधी तो गेला, त्याचा जीव अडकायला जागा तरी कुठे आहे. हे प्रश्न मी नवीन लिहिणाऱ्यांना विचारते तेव्हा त्यांचे डोळे चमकतात, आणि मग जी कथा येते ती पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त अंगावर येते. एवढं सांगावं लागतं फक्त, की भूत बदलू नका, माणूस बदला.

दुसरं उदाहरण माझ्या फार जवळचं आहे, राखणदाराचं. सिंधुदुर्गात आणि गोव्यात गावाला राखणदार असतो, म्हणजे गाव राखणारा देव, रात्री तो शिवेवरून फिरतो, त्याच्या काठीचा आवाज ऐकलेली माणसं अजून गावात आहेत, वर्षाचा रोट त्याला द्यायचा असतो. त्याचं सगळं सामर्थ्य शिवेच्या आत. ही मर्यादा फार महत्त्वाची आहे कारण ज्या शक्तीला मर्यादा नाही तिच्यात कथा नसते, ती शक्ती कधीही काहीही करू शकते मग वाचक कशाला श्वास रोखून धरेल. आता विचार करा की शीवच पाण्याखाली गेली तर काय. कोयना धरणाचा शिवसागर भरला तेव्हा गावंच्या गावं उठली, माणसं रायगड, ठाणे, सोलापूर अशी पांगली, देव टोपलीत घालून नेले. पण शिवेवरचा राखणदार टोपलीत येतो का? तो तिथेच राहिला असेल तर पाण्याखालच्या शिवेवर फिरत असेल का, आणि कोणासाठी? त्यात ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, कोयनेचा भूकंप. धरणातल्या पाण्यामुळे भूकंप होऊ शकतात का या विषयावर जगभर बोललं जातं तेव्हा कोयनेचं नाव पहिल्या काही नावांत येतं, आजही शास्त्रज्ञ तिथे खोल बोअर मारून अभ्यास करतायत. एका बाजूला हे विज्ञान आणि दुसऱ्या बाजूला पाण्याखाली राहिलेला राखणदार, या दोघांना एका कथेत आणायला बाहेरून एकही ड्रॅगन आणावा लागत नाही. उजनीच्या पाण्यात गेलेलं पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं, लोक होडीने बघायला जातात. एखादं देऊळ दुष्काळातच दर्शन देतं, पाऊस चांगला झाला की देव दिसत नाही. इथे कल्पना करायची सुद्धा गरज नाही, नियम समोर पाण्यात उभा आहे.

मी स्वतः राखणदारावर लिहायला घेतलं तेव्हा आधी गावातल्या एका वयस्कर गावकाराला विचारलं, कारण तो देव माझ्या एकटीचा नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "लिव गो बाय, पण तो रागावता असा लिवू नको, तो रागावणा नाय, राखण करता." मी मनात कोपलेला राखणदार धरून बसले होते, सगळ्या कथांमध्ये असतो तसा. त्यांच्या एका वाक्याने कथा बदलली. न रागावणारी शक्ती लिहिणं खूप अवघड असतं, कारण सूड काढून घेतला की कथेला पुढे ढकलणारी सोपी गोष्टच हातातून जाते, मग विचार करावा लागतो की तो राखतो म्हणजे नेमकं काय करतो, कोणाला आत येऊ देतो, आणि गावच जेव्हा जमिनी विकायला निघतं तेव्हा राखणदाराने कोणाकडून गाव राखायचं. गावाचं नाव घालू नको असंही ते म्हणाले, ते मी घातलं नाही आणि इथेही घालत नाही.

त्या कथेतलं गाऱ्हाणं मी मालवणीतच ठेवलं होतं. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगते, देवापुढे गाऱ्हाणं घालणारा एकेक मागणं बोलतो आणि जमलेले सगळे "होय म्हाराजा" म्हणतात, पुन्हा मागणं पुन्हा होय म्हाराजा, आणि हळूहळू एकट्याचं बोलणं अख्ख्या गावाचं होऊन जातं. एका मासिकाने ते प्रमाण मराठीत करून छापलं, मला न विचारता. वाचकांना कळणार नाही म्हणे. दशावतारात रात्रभर बसणारी माणसं कुठली भाषा ऐकतात मग? चित्र बघत ऐकायची चित्रकथी पिंगुळीच्या ठाकर मंडळींनी आजपर्यंत टिकवली, त्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, सगळ्यांनी कौतुक केलं, फोटो छापले, आणि त्याच मातीतल्या भाषेत कोणी नवीन कथा लिहिली की म्हणायचं कळत नाही. हे मला खरंच दुखावून जातं.

भाषेवरून कथा नाकारण्याचा हा प्रकार आपल्याकडे किती जुना आहे बघा. पैठणच्या सातवाहन राजाच्या दरबारातल्या गुणाढ्याची गोष्ट अकराव्या शतकात सोमदेवाने कथासरित्सागरात सांगितलीय. गुणाढ्य पैज हरला, संस्कृत, प्राकृत आणि देशी अशा तिन्ही भाषा त्याला सोडाव्या लागल्या, तो विंध्याच्या रानात गेला, तिथे पैशाची भाषा शिकला आणि त्या भाषेत सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली, रानात शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने. राजाकडे पाठवली तर राजा म्हणाला पिशाचांची भाषा, वर रक्ताने लिहिलेली, घेऊन जा. मग गुणाढ्याने रानात अग्नी पेटवला आणि एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत जाळायला लागला, आणि जनावरं चरायचं सोडून गोल करून ऐकत उभी राहिली. राजाच्या ताटात सुकलेलं मांस यायला लागलं, राजा आजारी पडला, चौकशी केली तर शिकारी म्हणाले रानातली जनावरं काही खातच नाहीत, कोणीतरी गोष्ट सांगतोय ती ऐकतायत. राजा धावत गेला तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते, एक लाख उरले. मराठी मातीतली ही कथा, आणि ती कथा लिहिण्याबद्दलचीच आहे, यात राजाचं ताट आणि जनावरांची भूक एका धाग्याने कशी बांधलीय बघा. आमच्या कार्यशाळेत मी ही कथा सांगते आणि मुलांना म्हणते की जळलेल्या सहा लाखांपैकी एक गोष्ट लिहा, जी फक्त त्या जनावरांनी ऐकली होती. काय काय लिहितात मुलं! एका मुलीने गोष्ट पुढच्या पिढीला सांगणारी हरणी लिहिली होती, ती अजून माझ्या लक्षात आहे.

कहाण्यांबद्दल पण बोलायलाच हवं. श्रावणात आजी वाचायची त्या, आटपाट नगर होतं, तिथे एक राजा होता, आणि शेवटी साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. यांना आपण व्रतवैकल्यांच्या कप्प्यात टाकून दिलंय त्यामुळे लिहिणारी मुलं तिकडे बघतच नाहीत. पण सोमवारची खुलभर दुधाची कहाणी घ्या. राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचाय म्हणून हुकूम सुटतो, गावातलं सगळं दूध देवळात आणा, घरात थेंब ठेवायचा नाही. वासरांना नाही, पोराबाळांना नाही, अख्ख्या गावाचं दूध ओतलं तरी गाभारा भरत नाही. एक म्हातारी मात्र आधी घरातल्या पोरांना पाजते, वासरांना पाजते, लेकीसुनांना देते, आणि उरलेलं खुलभर दूध घेऊन जाते, आणि गाभारा भरतो. मला सांगा, याहून चांगली भविष्यातल्या हुकूमशाहीची कथा कुठे मिळणार? सगळं एका जागी गोळा करणारी सत्ता आहे, तिच्या धाकाने पाळला जाणारा हुकूम आहे, आणि हिशोबाला न जुमानणारा एक निकाल आहे. यात दुधाच्या जागी पाणी घाला, टँकर घाला, मराठवाड्यातला मे महिना घाला, २०८० साल घाला. फक्त तो निकालाचा नियम बदलू नका, की आधी उपाशी जिवांचं मग देवाचं, तो बदलला की कहाणी मेली. आणि ती भाषा, छोटी छोटी वाक्यं, उगाच वर्णन नाही, राजा कसा दिसायचा कोणी सांगत नाही तरी राजा दिसतो. वसा सुद्धा असाच, उतू नकोस मातू नकोस घेतला वसा टाकू नकोस, म्हणजे एक करार आहे, मोडला तर काय होईल ते आधीच सांगितलंय, आणि मोडल्यावर दुरुस्त कसा करायचा त्याचाही रस्ता दिलाय. एका नवीन मुलाने माणूस आणि एआय यांच्यामधला करार वशाच्या रूपात लिहिला होता. कथा कच्ची होती पण कल्पना एकदम आपली.

विज्ञानकथावाल्यांनी लोणारला जाऊन यावं. बेसाल्टमध्ये उल्का आपटून झालेलं जवळपास १.८ किलोमीटर रुंद विवर, आणि काठावरच्या गावात दैत्यसूदनाचं देऊळ. लवणासुर तिथे जमिनीखाली राहायचा, विष्णूने वरचं झाकण उडवून त्याला मारलं, तळ्यातलं पाणी त्याचं रक्त आणि त्यातलं मीठ म्हणजे त्याचं मांस अशी कथा आहे. जून २०२० मध्ये ते पाणी खरंच गुलाबी झालं, पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासले आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे रंग आला असं सांगितलं. मला या दोन्हीपैकी एकाला खोटं पाडायची घाई नाही. लोककथेत आकाशातून काही पडत नाही, तिथे खालून झाकण उडतं, म्हणजे खड्डा बघून त्या माणसांनी उलट्या दिशेने विचार केला. चांगला लेखक इथे थांबेल आणि विचारेल की झाकण जिथे जाऊन पडलं तिथे काय असेल.

आणि कोकणातली कातळशिल्पं. रत्नागिरी, सिंधुदुर्गाच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारांवर, हजाराच्या वर कोरलेली चित्रं, हत्ती, गेंडा, वाघ, मासे, नुसत्या रेषांचे भलेमोठे चौकोन, २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत त्यांचं नाव आहे. बारसूला दोन वाघांच्या मधे उभा माणूस आहे. आज कोकणात गेंडा नाही. ज्यांनी कोरलं त्यांची गोष्ट कोणाकडे उरलेली नाही, गावकऱ्यांनी नंतर आपापल्या समजुती जोडल्या तेवढ्याच. म्हणजे इथे लोणारच्या उलट आहे, चित्र आहे आणि कथा गेलीय. हे सडे सरकारी कागदावर पडीक म्हणून लागतात, पावसाळ्यात त्यांच्यावर फुलं येतात, गुरं चरतात, आणि त्याखाली कोणीतरी गेंडा काढून ठेवलाय. नवीन लेखकाने इथे निर्धास्त कल्पना करावी, फक्त शेवटी परग्रहावरचे लोक येऊन कोरून गेले असं लिहू नये. इथल्या माणसाने इथल्या दगडावर इथलं जनावर कोरलं, ते श्रेय त्याच्याकडून काढून घ्यायचा आपल्याला काय अधिकार.

अधिकाराचा विषय निघाला म्हणून सांगते, कारण यावर कोणी फारसं बोलत नाही. लोककथा म्हणजे बेवारस माल नाही. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीच्या वेतोबाला लोक आजही भल्यामोठ्या चपला वाहतात, तो रात्री गावभर फिरून त्या झिजवतो ही श्रद्धा आहे. त्याला उचलून रक्त पिणारा व्हिलन करायचा, तेही आयुष्यात कधी वेंगुर्ल्याला न जाता, हे बरोबर नाही. मी बंदी घाला म्हणत नाहीये, अजिबात नाही, लेखकाला काहीही लिहायची मोकळीक हवी. पण जिवंत देवावर लिहिताना आधी तिथे जाऊन बसावं, दोन माणसांशी बोलावं. वारल्यांचा वाघोबा आहे, त्याची ठाणी आहेत, बिबट्याबरोबर जगण्याची त्यांची एक रीत त्याच्याभोवती उभी आहे, शहरातून आलेल्या लेखकाने ती समजून न घेता वाघोबाला शाप देणारा देव बनवला की ती रीतच पुसली जाते.

याच्या दुसऱ्या बाजूला मी याहून जास्त कळकळीने सांगते. जुनं आहे म्हणून सगळं निर्मळ आहे असं नाही. डाकीण, चेटकीण या कथेतल्या बायका नाहीत फक्त, सातपुड्यात डाकीण ठरवून खऱ्या बायकांना मारहाण झालीय, गावाबाहेर काढलंय. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच राज्यात आपण अशी कथा लिहितो की गावाला संशय होता आणि शेवटी ती बाई खरंच चेटकीण निघाली, तेव्हा आपण कोणाच्या बाजूला उभे राहतो? भूत घालून सुद्धा उलटी कथा लिहिता येते. बाळंतपणात गेलेल्या बाईला हडळ ठरवलं तर कथेने हे विचारावं की दवाखाना किती लांब होता, डोली कोणी उचलली नाही, आणि ती परत आली तर सगळ्यात आधी कोणाच्या दारात उभी राहील. भीती तेवढीच राहते, उलट वाढते, कारण आता वाचकालाही आपल्या दाराची कडी आठवते.

आणि सांगणाऱ्याचं नाव. जॅक्सन यांच्या त्या संग्रहात तळटीपांना शाळामास्तर आणि गावाचं नाव एवढंच येतं, मास्तर कोण ते कळत नाही, आणि मास्तरांना ज्या म्हाताऱ्यांनी सांगितलं त्यांचा तर पत्ताच नाही. त्याआधी १८६८ साली मेरी फ्रेअर यांनी दख्खनच्या गोष्टींचं इंग्रजी पुस्तक काढलं, त्यातल्या गोष्टी त्यांच्या आयेने सांगितलेल्या, ॲना लिबेराता डिसोझा तिचं नाव, आणि त्या पुस्तकात तिची स्वतःची कहाणीही छापली आहे. इंग्रज गव्हर्नरच्या मुलीला १८६८ मध्ये जे सुचलं ते आज आपल्याला का सुचत नाही, आजी सांगायची एवढं लिहून आपण मोकळे होतो. जात्यावरच्या ओव्यांचं बघा, हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सुरू केलेल्या कामात लाखाहून जास्त ओव्या जमल्या, आता त्या पारी (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) च्या वेबसाइटवर ऐकायला मिळतात आणि तिथे गाणाऱ्या बाईचं नाव, गाव दिलेलं असतं. नवीन लिहिणाऱ्यांनी तिथे जाऊन ऐकावं. दुर्गाबाई भागवत, सरोजिनी बाबर, रा. चिं. ढेरे यांनी आयुष्यं घालवून जे गोळा केलंय, उलगडलंय ते वाचावं. ढेऱ्यांचं वाचल्यावर कळतं की आपला एकेक देव किती वाटांनी, किती लोकांच्या हातातून इथवर आलाय, मग एकच शुद्ध जुनी गोष्ट असते ही समजूत आपोआप गळून पडते आणि लिहिणाऱ्याचा हात मोकळा होतो, कारण आपणही त्या वाटेवरचा एक सांगणाराच असतो.

आता तुमच्याकडे मागणं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या माणसाची कथा पहिली आली, आणि तो माणूस म्हणजे जयंत नारळीकर निघाले, नावाचा प्रभाव पडू नये म्हणून टोपणनाव घेतलं आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या अक्षरात पाठवली. त्या एका स्पर्धेने मराठी विज्ञानकथेला किती बळ मिळालं ते तुम्हाला मी सांगायला नको. तशीच एक स्पर्धा तुमच्या पेपरने लोककथेवरून लिहिलेल्या नव्या कथांसाठी घ्यावी, नावं झाकून. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, कोकणी, झाडीबोली, ज्या बोलीत येईल त्या बोलीत घ्यावी आणि छापताना तिला प्रमाण करू नये, फार तर खाली चार शब्दांचे अर्थ द्या. परीक्षकांमध्ये एक तरी माणूस गोष्टी सांगणारा असू दे, लिहिणारा नाही, म्हणजे एखादा दशावतारी, एखादी ओव्या म्हणणारी. प्रत्येक कथेखाली ती कोणाकडून ऐकली त्या माणसाचं नाव, त्याची परवानगी असेल तर, लेखकाच्या नावाइतक्याच मोठ्या टायपात. मानधन दोघांत वाटावं. आणि शब्दमर्यादा आठशेची ठेवू नका हो, आठशे शब्दांत भूत येऊन जातं पण त्याचा नियम वाचकापर्यंत पोचत नाही, निदान अडीच हजार तरी द्या. पुरवणीत जागा नसेल तर महिन्यातून एक कथा द्या, वर्षाच्या बारा झाल्या तरी चालतील. कथेसोबतच्या चित्रात कवटी आणि लाल डोळे नकोत, पिंगुळीच्या चित्रकथीवाल्यांना, वारली चित्रकारांना ते काम द्या, त्यांना पैसे द्या.

आलेल्या कथा वाचून पहिली चाळणी लावायला मी विनामूल्य तयार आहे, आणि अशी अजून चारपाच माणसं माझ्या ओळखीत आहेत, शिक्षक आहेत, एक एसटीत कंडक्टर आहेत ज्यांना मार्गावरच्या प्रत्येक गावची गोष्ट माहीत आहे. श्रावणात घोषणा केलीत तर गणपतीला गावी जाणारी मुलं घरच्या म्हाताऱ्या माणसांना बसून विचारू शकतील, आणि दिवाळीनंतरच्या अंकांपासून कथा सुरू करता येतील. तुमचं उत्तर पुरवणीतच छापलंत तर सगळ्यांना कळेल.

आपली,
एक कथालेखिका आणि तुमची जुनी वाचक,
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग